रा. रा. डिफॉल्टराव यांस

मुक्काम पोस्ट : अकाउंट सेटिंग्ज, घरोघरचा कॉम्प्युटर, नोव्हाय, मिशिगन

स. न. वि. वि.

ईमेलचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवताना काही चौकटी आधीच टिक करून आमच्यापुढे येतात आणि काही आधीच रिकाम्या असतात. त्या चौकटींमध्ये राहणारे गृहस्थ म्हणजे तुम्ही. तुम्हाला कुणी निवडलं नाही. आम्ही 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' दाबत गेलो आणि तुम्ही घरात कायमचे राहायला आलात. आमची पत्रं कुठे ठेवायची, किती दिवस ठेवायची, कोणत्या वाटेने पाठवायची हे तेव्हापासून तुम्हीच ठरवत आलात. इतकं करून घरात काही बिघडलं की बोल मात्र घरच्या माणसाला लागतो. हे पत्र उघडं लिहिते आहे ते त्यासाठीच.

आमचं गाव तुम्हाला माहीत असायला हवं. डेट्रॉइटच्या वायव्येला ओकलंड काउंटीत आहे आणि २०२० च्या जनगणनेत त्याची वस्ती ६६,२४३ भरली. आजूबाजूला मोटारींचे सुटे भाग घडवणाऱ्या, गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं आहेत. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा अनुभव गाठीशी घेऊन आलेली पुष्कळ मराठी कुटुंबं इथे राहतात. उन्हाळा लागला की आई-वडील येतात. टाफ्ट रोडवरच्या वेंकटेश्वराच्या देवळात, वाचनालयात, ट्वेल्व्ह ओक्स मॉलमध्ये ते दिसतात. त्यांच्या सामानात भाजणीच्या डब्यांबरोबर जुना लॅपटॉपही असतो, कारण पेन्शनचा पत्रव्यवहार, सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं, शाळेतल्या मित्रांचा गोतावळा, सगळं त्यातल्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये असतं. फोनवर मेल वाचणं त्यांना रुचत नाही. अक्षरं बारीक, आणि फाइल कुठे ठेवली ते सापडत नाही. टेबलाशी बसून, चष्मा लावून, नीट वाचायची त्यांची पद्धत आहे आणि ती चांगलीच पद्धत आहे.

अशा माणसाच्या तोंडून मी जे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते ते तुम्हाला ऐकवते : "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल." मेल येईनात, पासवर्ड घेईना, जुनी पत्रं गायब झाली, काहीही होवो, वाक्य हेच. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं कचेरीतले हिशेब बिनचूक ठेवले, ती माणसं तुमच्या चुकीपायी स्वतःला म्हातारी आणि निकामी ठरवून मोकळी होतात. डिफॉल्टराव, मला राग आहे तो याचा.

तुमच्या सगळ्यात मोठ्या कर्तबगारीपासून सुरुवात करू. मेल आणायच्या दोन पद्धती आहेत, पॉप आणि आयमॅप. पॉप सर्व्हरवरून पत्रं उचलून आपल्या कॉम्प्युटरवर आणते. आयमॅपमध्ये पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि आपण ती कुठूनही पाहतो. पॉपचा पहिला मसुदा १९८४ चा आहे. सर्व्हरवरची जागा तेव्हा महाग होती आणि टेलिफोनची लाइन धरून बसणं त्याहून महाग. त्या काळात पत्र उचलावं आणि सर्व्हरवरची प्रत पुसावी, हे शहाणपणाचंच होतं. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं तेव्हाही तासांचा हिशेब चालायचा. पटकन जोडायचं, पत्रं उतरवायची आणि लाइन सोडायची. तेव्हाच्या तुमच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

पण आयमॅप ही काही कालपरवाची गोष्ट नाही. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ साली, म्हणजे पॉपनंतर अवघ्या दोन वर्षांनी तयार केली. तरी १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आउटलुक एक्सप्रेस घराघरांत शिरलं, तेव्हा त्यातली 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही चौकट तुम्ही रिकामीच ठेवलीत. पत्र आलं, उतरलं, मागची प्रत पुसली. जगातली एकमेव प्रत आता डेस्कखालच्या एका डब्यात. बँकेतला पैसा न सांगता काढून गादीखाली ठेवणाऱ्या कारकुनाला आपण काय म्हणतो? तुम्हाला मात्र 'शिफारस केलेली सेटिंग' म्हणतात!

पुढे तुम्ही थोडे सुधारलात. आउटलुक २०१० पासून प्रत ठेवण्याची चौकट टिक केलेली येऊ लागली, आणि तिच्याखाली दुसरी, तीही टिक केलेली : 'चौदा दिवसांनी सर्व्हरवरून काढा'. चौदा दिवस! हा आकडा कुणाच्या आयुष्याला लावून काढलात? आमच्याकडच्या माणसाचं आयुष्य चौदा दिवसांच्या हिशेबात मावत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेचंच घ्या. २०२५ साल संपत आलं तेव्हा भारतीयांच्या ईबी-२ या नोकरीवर आधारित वर्गात २०१३ सालच्या तारखांवर काम चालू होतं. बारा वर्षं. या बारा वर्षांत माणसाने नोकरी दोनदा-तीनदा बदललेली असते. आय-१४०, म्हणजे मालकाने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर झाल्याची मूळ सूचना मालकाकडे किंवा त्याच्या वकिलाकडे जाते. कामगाराच्या हाती पडली तर मेलला जोडलेली एक स्कॅन केलेली प्रत पडते. पुण्यातल्या पहिल्या नोकरीचं अनुभवपत्रही तसंच, मेलमधूनच आलेलं. ते देणारा मॅनेजर निवृत्त झालेला असतो, कधी कंपनीच विकली गेलेली असते. तो कागद पुन्हा मागायचा कुणाकडे? एवढा मौल्यवान ऐवज तुम्ही पंधराव्या दिवशी सर्व्हरवरून पुसता आणि घरच्या एका हार्ड डिस्कवर सोपवता. आणि ते कुणाला सांगतही नाही.

बरं, त्या हार्ड डिस्कवर तरी नीट ठेवता का? आउटलुकमध्ये पॉपची सगळी पत्रं एका फाइलमध्ये जातात, तिच्या नावाचं शेपूट पीएसटी. १९९७ ते २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत या फाइलला दोन जीबीची मर्यादा होती. फाइल तिथे पोचली की नवं पत्र घेणं बंद, आणि बऱ्याचदा आख्खी फाइलच उघडेनाशी. तेव्हा निर्मात्यांनी त्यावर एक साधन दिलं होतं. ते फाइल उघडावी म्हणून तिचा काही भाग छाटून टाकायचं. कोणती पत्रं छाटली जाणार ते पत्रांच्या मालकाने ठरवायचं नसे. २००३ पासून नवी रचना आली, मर्यादा वीस जीबी झाली, २०१० पासून पन्नास. पण जुनी फाइल नव्या प्रोग्रॅममध्ये उघडली म्हणून ती नव्या रचनेची होत नाही, ती जुनीच राहते, दोन जीबीच्या भिंतीसकट. हे तुम्ही एकदा तरी पडद्यावर लिहिलंत?

त्यात भर म्हणजे ही फाइल तुम्ही 'डॉक्युमेंट्स'च्या आत नेऊन ठेवलीत, आणि नव्या विंडोजमध्ये तुमच्याच भाऊबंदांनी ते 'डॉक्युमेंट्स' ढगावरच्या वनड्राइव्हला जोडून दिलं. मेलचा प्रोग्रॅम फाइल उघडी धरून बसतो, आणि त्याच वेळी वनड्राइव्ह तीच फाइल वर चढवू पाहतो. प्रोग्रॅम अडखळतो, फाइल अडकते, कधी एकीच्या दोन होतात. पीएसटी वनड्राइव्हच्या फोल्डरमधून बाहेर कशी काढायची याच्या सूचना मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदतपानांवर आहेत. ज्या जागेतून फाइल हलवा म्हणून सांगायची वेळ येते तीच जागा तुम्ही सुरुवातीला निवडून देता, आणि आमच्या दारी येऊन दोष कॉम्प्युटर जुना झाल्याला देता.

फाइल बिघडलीच तर दुरुस्तीचं साधन प्रोग्रॅमबरोबरच आलेलं असतं, नाव स्कॅनपीएसटी. पण ते मेनूत कुठेही दिसत नाही. ऑफिसच्या फोल्डरांत चार-पाच पायऱ्या खाली उतरावं तेव्हा सापडतं. ते चालवण्याआधी प्रोग्रॅम पूर्ण बंद करून फाइलची प्रत दुसरीकडे काढून ठेवायची, आणि दुरुस्ती करताना बॅकअपची चौकट टिकच राहू द्यायची. पहिल्या फेरीत चुका निघाल्या तर चूक निघेनाशी होईपर्यंत पुन्हा चालवायचं. एवढंच काम. हे सांगणारं कुणी शेजारी नसल्यामुळे लोक नवं खातं उघडतात आणि जुन्या पत्रांवर पाणी सोडतात.

पाठवण्याची तऱ्हा वेगळीच. पुण्याहून आलेल्या लॅपटॉपवर मेल येतात, पण जात नाहीत. आजोबा दोन दिवस आउटबॉक्सकडे बघत बसतात. कारण साधं आहे. पाठवणारा सर्व्हर पुण्याच्या इंटरनेट कंपनीचा नोंदलेला असतो, आणि असे सर्व्हर बहुधा आपल्याच जाळ्यातून आलेलं पत्र घेतात. मिशिगनमधून आलेलं ते दारातूनच परत लावतात. दुसरं कारण पोर्टचं. तुम्ही जुना २५ क्रमांकाचा पोर्ट भरून ठेवलेला असतो, आणि अमेरिकेतल्या घरगुती इंटरनेटवर तो बहुतेक ठिकाणी बंद असतो, कारण जंकमेल पाठवणाऱ्यांनी त्याचा गैरवापर केला. त्या जागी ५८७ घालावा, सुरक्षित जोडणी निवडावी आणि 'पाठवणाऱ्या सर्व्हरलाही नाव-पासवर्ड लागतो' ही चौकट टिक करावी. त्या चौकटीवरही तुमचीच रिकामी कृपा असते. चिरंजीव संध्याकाळी ऑफिसातून आले की पाच मिनिटांत हे होतं. तोवर आजोबांनी "इथलं इंटरनेट मला जमत नाही" असं ठरवून टाकलेलं असतं.

गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ जोडलेलं पत्र आउटबॉक्समध्ये अडकतं आणि त्याच्यामागची सगळी रांग थांबते, हेही त्यातलंच. जीमेलची मर्यादा २५ एमबी, आउटलुकने घातलेली मर्यादा साधारण २० एमबी, आणि मेलमधून जाताना जोडलेली फाइल सुमारे एकतृतीयांशाने फुगते, कारण ती अक्षरांमध्ये बदलून पाठवावी लागते. म्हणून १९ एमबीचा व्हिडिओसुद्धा काठावरच. 'वर्क ऑफलाइन' दाबून ते पत्र आउटबॉक्समधून काढावं, पुन्हा ऑनलाइन यावं, आणि व्हिडिओची लिंक पाठवावी. 'वर्क ऑफलाइन' चुकून दाबलेलं राहिलं तर तुम्ही खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तेवढं सांगता. ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांच्यासाठी ती सोय चांगलीच म्हणायची.

आणि पासवर्डची खिडकी. बरोबर पासवर्ड घाला, ती पुन्हा उघडते. पुन्हा घाला, पुन्हा उघडते. माणूस घाबरतो, पासवर्ड बदलतो, मग फोनवरचंही बंद पडतं. खरी गोष्ट अशी की गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांना नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रॅमातून येऊ देणं बंद करायला घेतलं. मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक आउटलुक, हॉटमेल खात्यांसाठी तेच १६ सप्टेंबर २०२४ रोजी केलं. हा निर्णय सुरक्षेसाठी योग्यच होता, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण जुन्या प्रोग्रॅममधली तुमची सेटिंग जागची हलली नाही आणि खिडकीने कधी कारण सांगितलं नाही. 'पासवर्ड बरोबर आहे, आता प्रवेशाची पद्धत बदलली आहे' एवढं एक वाक्य लिहायला किती जागा लागते? खात्याच्या सेटिंगमध्ये प्रवेशाची पद्धत ओऑथ२ करावी. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत ती मिळते. जीमेलसाठी जुनाच प्रोग्रॅम वापरायचा असेल तर दोन पायऱ्यांची खातरजमा चालू करून वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा. विंडोजमधलं मेल नावाचं साधं ॲप वापरणाऱ्यांची तर ३१ डिसेंबर २०२४ ला वाटच बंद झाली. त्यांना प्रोग्रॅम बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

मराठीचे तुम्ही जे हाल केलेत ते वेगळे लिहिले पाहिजेत. युनिकोडमध्ये लिहिलेलं पत्र तुम्ही पाश्चात्त्य लिपीचं समजून उघडता, आणि आईच्या पत्राच्या जागी तिरक्या रेघेचे रोमन ए आणि चलनाची चिन्हं रांगेने उभी राहतात. अशा पत्राला लोक 'खराब झालं' म्हणून पुसून टाकतात. पुसू नका. पत्र शाबूत आहे, फक्त एन्कोडिंगच्या मेनूतून यूटीएफ-८ निवडायचं. त्याउलट नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र अक्षरं वाटेतच गेली, ती परत येत नाहीत. पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावं आणि त्याच्या प्रोग्रॅममध्ये पाठवण्याचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करून द्यावं. शिवाजी, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत लिहिलेली १९९० च्या दशकातली पत्रंही रोमन अक्षरांच्या चिवड्यासारखी दिसतात. तीसुद्धा मेलेली नाहीत, फॉन्ट बसवला किंवा परिवर्तक वापरला की वाचता येतात. परदेशात राहिलेल्या पहिल्या पिढीचा सगळा संसार त्या पत्रांत आहे : पहिला बर्फ, पहिलं बाळंतपण, पत्राने कळलेली मरणं. तुम्ही लिपी ओळखली नाही म्हणून ती पत्रं कचऱ्यात जातात, हे मला सहन होत नाही.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. म्हणाल, लोकांना प्रश्न विचारले की ते गोंधळतात, म्हणून आम्ही त्यांच्या वतीने ठरवतो. ज्या पिढीने आयकराचे, एलआयसीचे, पासपोर्टचे फॉर्म स्वतःच्या हाताने भरले, रेल्वेच्या खिडकीवर चार तास उभं राहून आरक्षण केलं, ती एका प्रश्नाने गोंधळेल? 'तुमची पत्रं या कॉम्प्युटरवर आणल्यावर सर्व्हरवरची प्रत पुसू का? पुसली तर हा कॉम्प्युटर बिघडल्यावर पत्रं परत मिळणार नाहीत.' हे मराठीत, मोठ्या अक्षरांत विचारून बघा. उत्तर देताना कुणीही अडखळणार नाही. गोंधळ होतो तो न विचारता केलेल्या गोष्टीचा परिणाम वर्षांनी समोर आला म्हणजे.

माझी मागणी छोटी आहे. जे पुसलं जाणार आहे ते विचारल्याशिवाय पुसू नका. पत्रांची फाइल कुठे आहे ते पहिल्या दिवशी सांगा. दार बंद केलंत तर का बंद केलं ते दारावर लिहा.

आता दोन शब्द नोव्हायच्या आणि इतर गावांच्या मराठी घरांसाठी, कारण डिफॉल्टराव एका पत्राने सुधारतील असा माझा भ्रम नाही. पुण्या-कोल्हापूरहून आई-बाबा आले की त्यांना मॉलमध्ये न्या, पण त्याआधी एक संध्याकाळ त्यांच्या लॅपटॉपला द्या. खातं पॉपचं आहे की आयमॅपचं ते पहा. पॉपचं असेल तर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' चालू करा आणि चौदा दिवसांची टिक काढा. सर्व्हरवर जागा असेल तर आयमॅपचं खातं नव्याने जोडा आणि जुनी पत्रं त्यात ओढून घ्या. हे सावकाश, एकेक फोल्डर घेऊन करा. फाइलची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि ती उघडते का ते त्याच दिवशी तपासा. ग्रीन कार्डाचे, नोकरीचे, मुलांच्या जन्माचे कागद मेलमधून बाहेर काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कागद ठेवायची जागा म्हणून मेलच्या प्रोग्रॅमवर विसंबू नका. लॅपटॉपचं घड्याळ हाताने मागे करू नका, टाइम झोन बदला. नाहीतर तुमच्या आईची पत्रं काही प्रोग्रॅममध्ये कालच्या तारखेखाली जाऊन बसतात आणि आत्याला ती दिसतच नाहीत.

आणि हे सगळं करताना बाबांना शेजारी बसवून सांगा की त्यांच्या हातून काही दाबलं गेलं नव्हतं.

कळावे,
नोव्हायची एक मराठी रहिवासी

ता. क. – पत्रं दिसेनाशी झाली तर प्रोग्रॅममधून खातं काढून पुन्हा जोडायची घाई करू नका. आधी प्रोग्रॅम बंद करा, मेलची फाइल किंवा आख्खं प्रोफाइल फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मगच दुरुस्तीला हात लावा.